जिताडा उभा राहतो तिथलं पाणी बघा



ही नोंद भाद्रपद वद्य पंचमीची आहे. लिहायला आज सवड मिळाली. गणपती जाऊन पाच-सहा दिवस झाले होते, पितृपक्ष लागला होता. हळवं भात निसवून झालेलं, निमगरवं पोटरीत. या आठवड्यात शेतात हाताला फार काम नसतं. फक्त पाण्यावर आणि तुडतुड्यावर नजर ठेवायची. असा मोकळा दिवस आला की मी सकाळी एकटाच रॉड घेऊन बाहेरकाठ्यावर जातो. आमच्या घरी पंधरवड्यात मासळी शिजत नाही. बायको दरवर्षी विचारते, "मग जाता कशाला?" मी म्हणतो, बांध बघायला. ती हसते. या वेळी मात्र तेच खरं झालं, म्हणून ही नोंद.

आमची नदी अंबा. सह्याद्रीतून उतरते, पालीवरून नागोठण्याला येते, आणि नागोठण्याच्या खाली तिच्यात भरतीचं पाणी खेळतं. पुढं धरमतरची खाडी आणि रेवसजवळ समुद्र. जुन्या काळी गलबतं नागोठण्यापर्यंत यायची. आता धरमतरच्या बाजूला बार्जेसची ये-जा असते, पण आमचा भाग त्याच्या वर, आत आहे. इथं एखादी होडी दिसली तर दिसली. दोन्ही काठांना तिवरं, त्यांच्या मागं आमचा मातीचा बांध आणि बांधाच्या आत खारातली भातं. नदीचं पाणी उधाणाला आमच्या शेताच्या पातळीपेक्षा वर चढतं. मधे फक्त तो बांध. ज्यांनी खार बघितलेला नाही त्यांच्यासाठी एवढं सांगितलं, म्हणजे पुढचं समजेल.

ल्युअर म्हणजे खोटा मासा. लाकडाचा, प्लास्टिकचा किंवा रबराचा. गरीला कोलंबी लावून बसण्यापेक्षा हे वेगळं. यात बसायचं नाही. टाकायचा, ओढायचा, दोन पावलं पुढं जायचं, परत टाकायचा. माझ्याकडं सात फुटी रॉड आहे, साधं रील, त्यावर ब्रेडची दोरी आणि पुढं दोन हात जाड तंगूस. ते तंगूस लागतंच. जिताड्याला टोकदार दात नसतात, पण त्याच्या कल्ल्यावरच्या झाकणाची कड वस्तऱ्यासारखी असते. उडी मारून डोकं झटकलं की बारीक दोरी तिथंच कापली जाते. खोटे मासे माझ्याकडं पाचच आहेत. पुतण्याने मुंबईहून आणून दिलेत. तो म्हणतो पन्नास असावे लागतात. मला तर दोनच्या वर कधी लागले नाहीत. आणि सगळ्या गऱ्यांचे उलटे काटे मी पक्कडीने दाबून टाकलेत. मासा सोडायला सोपं, आणि आपल्या बोटात घुसली तर काढायलाही सोपं.

वेळ कशी काढायची ते आमच्याकडं सगळ्यांना पाठ आहे. तिथीची पाऊणपट. पाच त्रिक पंधरा, भागिले चार, म्हणजे पावणेचार. पंचमीला पावणेचारच्या सुमारास समुद्राच्या तोंडाशी भरती पूर्ण. आमच्यापर्यंत ते पाणी चढून यायला आणखी तास-सवा तास लागतो. म्हणजे पाचला पाणी भरलं, आणि मग ओहोटी. नदीत जेवढं वर जाल तेवढी भरती थोडा वेळ चालते आणि ओहोटी जास्त वेळ. वरून डोंगराचं पाणीही येत असतं ना. त्यामुळं आमच्याकडं पाणी तळाला जायला साडेअकरा-बारा वाजतात. मोबाइलवर भरतीचं कोष्टक मिळतं, पण ते बंदराचं असतं. आपल्या काठाचा फरक आपणच मोजून ठेवावा लागतो.

सहाला बांधावर पोहोचलो. उजाडत होतं. रात्री एक सर पडून गेली होती, बांध निसरडा. पाणी उतरायला लागलेलं, पण अजून तिवरांच्या मुळांत होतं. अशा वेळी मासा तिवरांच्या आत असतो, तिथं टाकायला गेलं की गरी मुळांत अडकते. घाई करू नये. मी बांधावर उकिडवा बसलो आणि अर्धा तास नुसतं पाणी बघितलं. बोईटांचे थवे काठाकाठाने जात होते, पाण्याच्या पाठीवर बारीक सुरकुत्या उमटवत. चिखल उघडा पडेल तसे निवटे बाहेर येऊन टणाटण उड्या मारायला लागले. एक खंड्या उघाडीच्या खांबावर. आवाज म्हणाल तर तिवरांतून पाणी निथळल्याचा, तेवढाच. माणूस नाही, इंजिन नाही. मला तर या अर्ध्या तासासाठीच जावंसं वाटतं.

ओहोटीला मासा कुठं असतो याचा एकच नियम मला माहीत आहे. जिथून पाणी जमिनीतून नदीत उतरतं तिथं. भरतीला बारकी मासळी, कोलंबी, जवळा हे सगळं खाण्यासाठी आत चढतं, तिवरांत, ओहळांत, उघाडीच्या तोंडाशी. पाणी उतरायला लागलं की त्यांना बाहेर यावंच लागतं, आणि बाहेर यायची वाट अरुंद असते. जिताडा, तांबोशी त्या वाटेच्या तोंडाशी, प्रवाहाच्या जरा बाजूला, सावलीत उभे राहतात. पळत नाहीत, दमत नाहीत. रेशनच्या रांगेत पुढं उभ्या राहणाऱ्या माणसासारखे. समोर आलं की तोंड उघडायचं, पाण्यासकट आत ओढायचं. त्याचा आवाज येतो. मोठा दगड खोल पाण्यात पडल्यावर येतो तसा, "बुप्प". एकदा ऐकला की विसरत नाही.

म्हणून मी नेहमी उघाडीपासून सुरुवात करतो. उघाडीची झडप ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडते आणि शेतातलं जादा पाणी बाहेर पडतं. भरतीला बाहेरच्या दाबाने बंद. पावणेसातला तिथून पाणी चांगलं वाहायला लागलं. तपकिरी रंगाचा बोटभर मिनो लावला. प्रवाहाच्या वर टाकायचा आणि पाण्याबरोबर खाली येऊ द्यायचा, मधे मधे मनगटाने दोन झटके. चौथ्या फेकीला तांबोशी लागली. अर्धा किलोच्या आतली, पण तिचा जोर बघा. लागली की पहिली उडी तिवराच्या मुळांकडं. दोरी ढिली दिली की गेली. ओढून काढली, पक्कडीने गरी सोडवली आणि परत पाण्यात. नंतर दहा-बारा फेका रिकाम्या. अशा वेळी पुतण्या खोटा मासा बदलतो. मी जागा बदलतो.

उघाडीपासून नदीच्या वरच्या अंगाला अर्धा किलोमीटर बांध सरळ जातो. त्या सरळ भागात मी कधी मासा धरला नव्हता. तिथं ओहळ नाही, झाडाची सावली नाही, तिवरंसुद्धा विरळ. पुढच्या वळणावर एक चांगला डोह आहे म्हणून मी नुसता चालत जात होतो. साडेसात झाले असतील. आणि मधेच, त्या सरळ भागात, आवाज आला. बुप्प.

थांबलो. वाटलं बोईट उडालं असेल. तर परत, त्याच जागेवर. काठापासून पाच-सहा हातांवर पाण्यात मोठी भोवरी उठलेली, आणि तिच्या बाजूला चिखलात एक ढोकरी मान आखडून उभी. ढोकरी तिथं उभी राहते जिथं तिला काही मिळतं. आता दोन-दोन जण एकाच जागी वाट बघत होते, आणि तिथं खायला येण्याची वाटच नव्हती.

आधी मासा, मग विचार. मी बांधावरून खाली न उतरता मागं सरकलो. सावली पाण्यावर पडली की जिताडा हलतो. मिनो टाकला. त्याने मागं येऊन नुसतं शेपूट मारलं आणि परतला. दुसऱ्यांदा टाकला, बघितलंही नाही. मग पांढरट रबरी मासा काढला, दहा ग्रॅमच्या शिशाच्या डोक्याचा. तो काठाजवळ टाकून तळाला जाऊ दिला आणि हळूहळू, अगदी चालत्या गोगलगायीसारखा ओढला. दोन वाव ओढल्यावर दोरी जड झाली. झटका नाही, नुसतं जड. रॉड उचलला आणि पाणी फुटलं.

जिताडा पूर्ण अंगाने बाहेर आला, कल्ले फाकवून डोकं झटकत. चांदीसारखा, आणि डोळा तांबडा. दोन उड्या, मग खोल पाण्याकडं धाव. तिथं मुळं नव्हती म्हणून मी त्याला दोरी दिली. दहा मिनिटांत काठाला आणला. चिखलात गुडघ्यापर्यंत उतरलो. त्याच्या पुढं आमच्या चिखलात एकट्याने जाऊ नये, हे नव्या मुलांना मुद्दाम सांगतो. पाय अडकला आणि भरती फिरली तर ओरडलेलं ऐकायला कुणी नसतं. मासा अडीच किलोच्या आसपास होता. खालचा जबडा अंगठ्याने धरून उचलला, तर त्याने ओकारी काढली. दोन कोलंब्या, आणि एक बोटाएवढं काळपट पिल्लू, चपट्या डोक्याचं.

मरळीचं पिल्लू.

मरळ ही आमच्या शेतातली मासळी. बांधाच्या आत, गोड्या पाण्यात, भाताच्या बुडाशी फिरते. खाडीच्या मचूळ पाण्यात ती राहत नाही. हे पिल्लू ताजं होतं, अंगावरची बुळबुळ तशीच. उघाडीतून एखादं वाहून येतं, नाही असं नाही. पण उघाडी मागं, आणि पाणी वाहतंय खाली, समुद्राकडं. उघाडीतून निघालेलं पिल्लू ओहोटीला वरच्या अंगाला येणार कसं? म्हणजे ते इथूनच बाहेर पडलं होतं. आणि जिताडा, ढोकरी, दोघांनाही ते माझ्या आधी कळलं होतं.

मासा पाण्यात सोडला. हा अडीच किलोचा म्हणजे नर असणार. जिताडा आधी नर असतो आणि वाढल्यावर त्याची मादी होते. सात-आठ किलोच्या पुढचे बघाल तर जवळजवळ सगळ्या माद्याच. पावसाळ्यात ती खाडीच्या तोंडाकडं उतरून अंडी घालते, आणि तिची पिल्लं भरतीबरोबर आमच्या ओहळांत, खाचरांत येतात. आमच्या रायगडात ती पिल्लं धरून घरामागच्या तळ्यात वाढवायची जुनी पद्धत आहे. माझ्या आजोबांच्या तळ्यातला जिताडा पाव्हण्यांसाठी राखून ठेवलेला असायचा. तळ्यात पिल्लं सोडणाऱ्यांनी तरी नदीतली मोठी मादी काढू नये, असं माझं मत आहे. भाव किती का येईना.

तर आता बांध. काठावरून बघितलं तर काही दिसत नव्हतं. पाणी आणखी वीतभर उतरेपर्यंत थांबलो. मग दिसलं. बांधाच्या पायथ्यापासून हातभर वर, शेवाळ्याच्या आड, एक बीळ. दोन बोटं जातील एवढं. त्यातून पाण्याची धार येत होती आणि धार गढूळ होती.

इथं थोडं थांबून सांगतो, कारण नवीन मंडळी पाझर आणि गळती एकच समजतात. मातीचा बांध थोडा पाझरतोच. पाझराचं पाणी निवळ असतं, धार नसते, माती ओलसर दिसते. ते चालतं. धार आली आणि ती गढूळ आली, म्हणजे पाणी जाता जाता बांधाची माती पोटातून घेऊन चाललंय. आज दोन बोटं, दोन भरत्यांनी मूठ, आणि उधाण आलं की त्याच नळीतून बाहेरचं पाणी उलटं आत येणार. मग वरची माती खचते आणि खांड पडते. वरून बांध ठणठणीत दिसतो, गवत हिरवंगार. म्हणून वरून चालत जाणाऱ्याला कळत नाही. हे काम बहुतेक चिंबोरीचं किंवा घुशीचं असतं. बाहेरून चिंबोरी बीळ करते, आतून घूस, आणि मधे दोघींची गाठ पडली की झालं.

खांड पडणं काय असतं ते मी २००५ सालच्या पावसात बघितलंय. आमच्या शेजारच्या खारात गेली होती. पाणी ओसरल्यावर भात आठ दिवस हिरवं दिसत होतं, मग शेंडे करपले, मग सगळं पांढरं. पुढं तीन पावसाळे जमीन नुसती धुवावी लागली. पावसाचं पाणी साठवायचं, चिखलणी करायची, ओहोटीला सोडून द्यायचं, परत साठवायचं. ज्यांच्याच्याने झालं नाही त्यांच्या जमिनीत आज तिवरं उभी आहेत, आणि तिवर उभी राहिली की ती जमीन पुन्हा भाताखाली येत नाही. आमची खार योजना खासगी आहे, म्हणजे बांध आमचा आम्हीच राखायचा.

तात्यांना फोन लावला. त्यांची आणि माझी मेर तिथंच लागते.

"तात्या, बांध गळतोय. सरळ भागात, तुमच्या जांभळीच्या समोर."

"कालच गेलो की रं मी तिथून. काय नव्हतं."

"वरून नाही दिसत. गढूळ धार आहे."

गढूळ म्हटल्यावर ते पुढं काही बोलले नाहीत. "माणसं घेऊन येतो, तू तिथंच थांब," एवढंच.

ते येईपर्यंत मी ईसी बघितला. गटाने घेतलेलं छोटं मीटर आहे, ते मी मासेमारीच्या पिशवीतच ठेवतो. नदीच्या वरच्या थरातलं पाणी ६.८ डेसिसायमन. मग एका बाटलीला शिसं बांधून, बुचाला दोरी बांधून तळाला सोडली आणि तिथं बूच ओढलं. तळाचं पाणी ११ च्या वर. खारं पाणी जड, ते तळाने चढतं आणि पावसाचं गोडं पाणी त्याच्यावर तरंगतं. वरचं पाणी जिभेला लावून "अजून गोडं आहे" म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. भरसमुद्राचं पाणी ५० च्या घरात असतं. पाऊस कमी होत जाईल तशी आमची नदी त्याच्याकडं सरकत जाते. शेतात आत, बांधापासून वीस पावलांवर १.५, आणि गळतीच्या समोर २.३. म्हणजे मागच्या पौर्णिमेच्या उधाणाला थोडं पाणी आत येऊन गेलं होतं.

जमिनीच्या अर्काचा ईसी ३ च्या पुढं गेला की साध्या भाताचं उत्पन्न घटायला लागतं. आमच्याकडं पनवेल केंद्राचे पनवेल १, २, ३ हे खारे वाण आहेत, ते जास्त सोसतात. जुना काळा राताही सोसायचा. पण कुठलंही भात दोन वेळा नाजूक असतं. रोप लहान असताना आणि पोटरी-फुलोऱ्यात. मधल्या वाढीच्या काळात सोसेल तेवढं खारं पाणी फुलोऱ्यात आलं तर पळिंजच पळिंज. माझं निमगरवं पोटरीत होतं, तात्यांचं नुकतं निसवायला लागलेलं. आणि अमावास्या दहा दिवसांवर.

तात्या साडेनवाला आले, बरोबर चौघं, फावडी, पहार, पेंढ्याचे दोन भारे, मेढी आणि एका गोणीत तूस. तूस त्यांनी न सांगता आणलं. बांधाच्या आतल्या अंगाला पाण्यावर मूठभर तूस टाकायचं आणि बघत बसायचं. जिथं बीळ पाणी ओढतं तिथं तूस गोल फिरून जमा होतं. बाहेरच्या तोंडाच्या बरोबर समोर शोधत होतो, सापडलं सात हात बाजूला. घुशीचं बीळ सरळ नसतंच. हे समजलं नसतं तर आम्ही भलत्याच जागी खणलं असतं.

बाहेरचं तोंड नुसतं दगडाने बुजवून भागत नाही. पाणी आत साठून दुसरीकडून फुटतं. आतल्या अंगाला मेढी ठोकून, पेंढा आणि चिखल टाकून अर्धगोल आळं केलं, म्हणजे शेताचं पाणी तुटलं. मग ओहोटीचा तळ गाठल्यावर बीळ दिसेल तसं वरून बांध उकरत गेलो. कंबरभर खोल चर झाला. मधे एक पोकळी निघाली, घमेलं बसेल एवढी. तात्या तिच्याकडं बघत राहिले. वरचं गवत काढलेलं बाजूला पडलेलं होतं, अगदी हिरवं.

भरायचं ते थराथराने. शेताच्या बाजूची चिकण माती घेतली. तिवरांच्या पट्ट्यातला चिखल सोपा पडतो, पण तिवरांना हात लावायचा नाही. कायदा आहे, आणि कायदा नसता तरी तीच झाडं बांधाला लाटेपासून राखतात. वीतभर थर, पायाने तुडवायचा, पहारीच्या बोथट टोकाने ठेचायचा, मग पुढचा थर. जुन्या मातीच्या कडा तिरक्या आणि खरबरीत केल्या, नाहीतर नवं-जुनं एकजीव होत नाही आणि त्या फटीतूनच पाणी वाट काढतं. कोरडी ढेकळं टाकू नका, पोकळी राहते. पेंढा बांधाच्या पोटात घालू नका, तो कुजला की परत बीळ. तो फक्त बाहेरून, मेढीच्या आड. भरती फिरून पाणी पायथ्याला लागलं तेव्हा शेवटचा थर तुडवत होतो. दुपारचा दीड. सकाळपासून कुणी पाणीसुद्धा प्यालं नव्हतं. तात्यांच्या सुनेने भाकरी आणि सुक्या वालाची आमटी पाठवली होती, ती बांधावरच खाल्ली.

पुढचे चार दिवस आळ्यातून पाणी बदलत राहिलो. उघाडीची फळी एक वीत खाली घेतली, वरच्या नाल्याचं गोडं पाणी आत घेतलं आणि ओहोटीला सोडलं. सुदैवाने द्वादशीला चांगला पाऊस झाला. गळतीच्या समोरचा ईसी २.३ वरून १.६ वर आला.

सर्वपित्रीच्या रात्री मी आणि तात्या बॅटऱ्या घेऊन बांधावर होतो. दीडच्या सुमाराला पाणी पूर्ण भरलं. बांधाच्या डोक्यापासून हातभर खाली. नव्या मातीला बाहेरून पाणी चाटत होतं आणि आतली बाजू कोरडी. तात्यांनी तिथं तळहात लावून बघितला, मग तो माझ्याकडं केला, कोरडा आहे हे दाखवायला. अडीचला पाणी फिरलं तेव्हा घरी गेलो.

काही जणांनी फोनवर विचारलं की बांध बघायची आणखी चांगली पद्धत कोणती. माझ्याकडं खास काही नाही. ओहोटीच्या मध्याला बाहेरच्या अंगाने बघा, वरून चालू नका. कुठं ढोकरी, बगळा रोज एकाच जागी उभा दिसला आणि तिथं ओहळ नसेल तर तिथं जाऊन बसा. गरवता येत असेल तर तिथं गरवा. घुशीच्या बंदोबस्ताला कुणी बांधावर काय करतं ते मात्र कळवा. विष मला नको आहे, आमच्याकडं घुबडं आहेत आणि कुत्रीही बांधावर फिरतात.

सध्या निमगरवं दाणे भरतंय. पळिंज नेहमीपेक्षा जास्त वाटत नाही, गळतीसमोरच्या दोन गुंठ्यांत जरा आहे. ते कापणीला वेगळं मोजून लिहीन.

त्या सरळ भागात परवा आणि काल, ओहोटीच्या त्याच वेळेला, रबरी मासा टाकून बघितला. वीसेक फेका. काही नाही. ढोकरीसुद्धा आता उघाडीकडं असते.